मी रापले नाही

मागच्या उन्हाळ्यात फुलंब्रीच्या स्टँडवर एक पोरगी बसची वाट बघत उभी होती. कडेवर तान्हं लेकरू. लेकराचा रंग अगदी माझ्यासारखा. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, आणि उन्हानं डोळे घट्ट मिटलेले. डोक्यावर साधं टोपडंसुद्धा नाही. तिनं मला बघितलं आणि घाईघाईनं जवळ आली.

"मावशी, तुमाला लहानपणी काय लावायचे हो? आमी ह्याला रोज तेल चोळून उन्हात ठेवतो, पण रंगच धरंना."

मी आधी माझा पदर त्या लेकराच्या डोक्यावर टाकला. मग डोक्याचा रुमाल सोडून तिला माझा डावा कान दाखवला. कानाची वरची बाजू नाहीच माझ्या, खालची पाळी तेवढी आहे. तिची बस आली, सुटली, तरी ती ऐकत उभी राहिली. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. माझ्यावर काय गुजरलं ते मी सांगते.

कच्ची पोर

मला पहिल्यांदा उन्हात ठेवलं ते बारशाच्या दिवशी. सुईणीनं अंगभर तेल चोळलं आणि अंगणातल्या बाजेवर आडवं केलं. बाळाला कोवळं ऊन दाखवतातच, त्यात नवल नाही. पण बाकीच्यांची पोरं घटकाभरानं उचलतात, मला उचललं नाही. सुईण म्हणाली म्हणे, "ऱ्हाऊ द्या अजून. लई कच्ची निघालीय. उन्हानं पिकंल."

झालं! तिथून पुढं वीस-बावीस वर्षं मला पिकवायचं काम चालू होतं.

माझं नाव कौशल्या. पाळण्यात ठेवलेलं हाक मारायचं नाव कौसा. पण ते मायशिवाय कुणी वापरलं नाही. गाव मला भुरी म्हणायचं, शाळेत मास्तर भुरी म्हणायचे, आणि आबा, म्हणजे माझे वडील, तेसुद्धा भुरीच म्हणायचे. फुलंब्रीपासून आत आमचं गाव. आबांची मेंढरं होती. पुढं चराई कमी झाली तशी निम्मी विकली आणि आबा दुसऱ्याच्या रानात कामाला जायला लागले. घरातले सगळे उन्हातान्हात हिंडून रापलेले, आणि त्यांच्यात मी अशी.

आबांचं गणित सोपं होतं. ते सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर करायचे आणि मला दाखवायचे. दंड गव्हाळ, आणि कोपराखालचा हात काळा कुळकुळीत. "बघ भुरे, ह्यो हात बी तसाच व्हता. उन्हात गेला, रापला. कातडं हाय, रापणारच. तुझं जरा दमानं घेतंय."

जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला ह्यापेक्षा वेगळं काय सुचणार? त्यांनी जे स्वतःच्या अंगावर बघितलं तेच माझ्या अंगावर व्हावं असं त्यांना वाटत होतं. कातडीनं रंग धरावा म्हणून एका वैदूनं बावचीचं तेल दिलं होतं. सकाळी ते फासायचं आणि बाजेवर बसायचं. कातडं लाल व्हायचं, मग फोड यायचे, मग सालपटं निघायची. सालपटं निघाली की आबा खुश. "जुनं चाललं बघ. आता खालून पक्कं येतंय." खालून येणारं कातडं पहिल्यापेक्षा पांढरं असायचं.

एक मात्र सांगते, नाहीतर तुम्ही माझ्या बापाला कसाई समजाल. आबा मला उन्हात एकटीला कधी बसवत नव्हते. मेंढरं माझ्या थोरल्या भावाच्या हवाली करायचे आणि माझ्याशेजारी बाजेवर बसायचे. मी रडायला लागले की फोडांवर फुंकर घालायचे. दुसऱ्या गावच्या गोष्टी सांगायचे, मेंढरांच्या भांडणाच्या नकला करायचे. मी हसले की त्यांना वाटायचं औषध लागू पडलं.

मी पुस्तक नाकाला लावून दहावी झाले. फळा मला कधी दिसलाच नाही, शेजारणीच्या वहीवरून उतरवायचे. मग लग्नाचं सुरू झालं. आता गंमत ऐका. मुलगी बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा की आम्हाला गोरी मुलगी पाहिजे. मला बघितलं की चहा अर्धा टाकून उठायचे. अख्ख्या तालुक्याला गोरी सून पाहिजे होती, पण एवढी गोरी नको होती!

प्रत्येक नकारानंतर माझी बाजेवरची बैठक वाढायची.

बुगडी

आमच्यात कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालतात. मायची बुगडी मोत्यांची, तिला तिच्या आईनं दिलेली. ती माझ्या लग्नात माझ्या कानात जायची होती, म्हणून लहानपणीच तिथं भोक पाडून ठेवलं होतं आणि त्यात कडुलिंबाची काडी घातली होती.

त्या भोकाजवळ एक खपली धरली. नखाएवढी. निघायची, रक्त यायचं, परत धरायची. माय म्हणाली, "भोक चिघळलं." सगळ्यांच्याच कानाचं भोक कधी ना कधी चिघळतं. मायनं हळद आणि खोबरेल लावलं. काडी काढली. दुसरी घातली. शेजारणीनं सांगितलं म्हणून अजून काय काय लावलं. आणि वर ऊन होतंच, कारण ऊन सगळ्यावर औषध.

वर्ष गेलं असेल. खपलीची गाठ झाली. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. उशीला रक्ताचे डाग पडायला लागले तेव्हा माय घाबरली आणि माझ्या मामाला निरोप धाडला.

संचारबंदी

मामा वाळूजच्या एका कारखान्यात होता. त्या वेळी वाळूजला दर महिन्याला नवीन शेड उभी राहायची आणि आमच्या भागातली तरणी पोरं तिकडं पळायची. मामानं पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिथं तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे, निम्म्यांवर विटा आणि वाळू. मी आणि माय पिशवी घेऊन उतरलो. पिशवीत आबांनी बावचीच्या तेलाची बाटली आठवणीनं ठेवली होती. "मामाच्या गच्चीवर ऊन चांगलं लागंल," असं बजावूनही सांगितलं होतं.

मामा म्हणाला, उद्या दवाखान्यात जाऊ. तो उद्या आलाच नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. निर्णय होणार, होणार म्हणून शहर तापलेलं. एक बाजू रस्त्यावर, तिच्या विरोधात दुसरी बाजू रस्त्यावर. आज बंद, उद्या दगडफेक, परवा संचारबंदी. गावाकडून वस्तीवर जाळपोळ झाल्याच्या बातम्या यायच्या आणि मामी कानावर हात ठेवायची. पहिल्याच सकाळी मी तेल चोपडून गच्चीवर गेले, तर खालून पोलिसानं शिट्टी फुंकली.

"ए पोरी! खाली उतर! घरात बस!"

मामीनं मला हाताला धरून आत ओढलं, दार लावलं आणि खिडकीला जुनी सतरंजी टांगली. बाहेरून कुणी दगड मारला तर काच घरात येऊ नये म्हणून. दोन खोल्यांत अंधार. मामाची दोन लहान पोरं, मामी, माय आणि मी. मामा कारखान्यातच अडकलेला. डाळ संपत आली, केरोसीन संपत आलं, आणि मला मात्र लाज वाटायची सांगायला की मला बरं वाटत होतं.

खरंच बरं वाटत होतं! डोळ्यांतून पाणी येईना. पाठीची आग थांबली. अंगाला कापड लागलं तरी कळ येईना. मला जन्मात पहिल्यांदा कळलं की कातडं न दुखतासुद्धा असू शकतं. मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं, बाकीचे बोलत नाहीत.

एके दिवशी मामीनं माझी वेणी घालताना मानेवरून हात फिरवला आणि थांबली. "वन्सं, इकडं या. हिची मान बघा."

माय आली. मानेवरचा लालपणा गेला होता, सालपटं गेली होती. मामी म्हणाली, "सायीवानी दिसतीया हो पोर. हिला काय झालंय? हिला काहीच झालेलं नाय."

मायनं माझी मान बघितली, पाठ बघितली, हात उलटेपालटे करून बघितले. मग मधेच थांबून कानाकडं बघितलं. अंगभर सगळं भरून आलं होतं. कान तसाच होता. उलट गाठ वाढलेली दिसत होती.

"हे भोक न्हवं," माय हळूच म्हणाली. तिचा आवाज मला अजून आठवतो. संचारबंदी उठली त्या सकाळी पहिल्या रिक्षानं आम्ही दवाखाना गाठला.

निदान

मोठा सरकारी दवाखाना. लांबच लांब रांग, फिनेलचा वास. आमचा नंबर लागला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कान बघितला, मानेत कुठं गाठ लागते का ते चाचपलं, आणि मला विचारलं, "उन्हात काम करतेस का?"

"काम नाय करत. उन्हात बसते."

"कशाला?"

"रापायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मायनं सगळं सांगितलं, सुईण, बाज, तेल, आबांचा दंड. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कानाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि परत यायला सांगितलं.

परत गेलो त्या दिवशी त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर स्वतःहून खुर्ची देतात म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं.

"कौशल्या, हा कातडीचा कॅन्सर आहे. वेळेत आलीस, मानेत काही पसरलेलं दिसत नाही. कानाचा वरचा भाग काढावा लागेल."

मायनं पहिलं काय विचारावं? "मंग बुगडी कुठं घालायची?"

मला हसू आलं. देवाशपथ हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. मी मरणार आहे का, हे मला विचारायचं होतं. डॉक्टरीणबाईंनीच माझ्या मनातलं ओळखलं. म्हणाल्या, "काढून टाकल्यावर तू चांगली जगशील. पण एक अट आहे. तुझा हा रंग म्हणजे रोग नाही. तुझ्या कातडीत रंग जन्मापासूनच तयार होत नाही, उन्हात जाळून तो येणार नाही. उन्हानं फक्त हे येईल." आणि कानाकडं बोट केलं. "पुन्हा उन्हात बसलीस तर पुन्हा येईल. पुढच्या वेळी कानावर भागणार नाही."

बाहेर येऊन आम्ही दोघी जिन्यात बसलो. माय पदरानं माझं तोंड पुसत होती. मी मात्र एकच वाक्य मनात घोळवत होते. हा रोग नाही. बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॅन्सर झालाय हे कळलं त्याच दिवशी मी आजारी नाही हेही कळलं, आता बोला!

शेजारची खाट

वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. तिथं सकाळी ऊन यायचं. सिस्टरनं न सांगता खिडकीला हिरवी चादर बांधली, आणि साफसफाईला येणारी आया रोज ती सारखी करून जायची. "धूप तेरी सौतन है बेटी, अंदर कू नक्को लेना," म्हणायची. सकाळी झाडलोट, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग इंजेक्शनं, मग नातेवाइकांची झुंबड. ऑपरेशनची तारीख लांबत होती आणि मी छताच्या पंख्याकडं बघत पडून असायचे. मरणाची भीती दिवसा कमी वाटायची, माणसं असायची म्हणून. रात्री सगळे झोपले की यायची.

शेजारच्या खाटेवर गयाबाई. पायाची जखम भरत नव्हती म्हणून आलेली, तोंडानं भलती फटकळ. मला पहिल्या दिवशी नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "काय गं विलायत, कंच्या इमानानं आलीस?"

"फुलंब्रीच्या एस्टीनं," मी म्हणाले. तिला असं हसू आलं की सिस्टर ओरडली.

गयाबाई बौद्ध, शहरातल्याच वस्तीतली. तिचा मुलगा नामांतरासाठी मोर्चात होता, लाठ्या खाल्लेला, तुरुंगात जाऊन आलेला. गावाकडं तिच्या बहिणीचं घर जाळलं होतं, ते ती एकदाच बोलली आणि परत बोलली नाही. पहिले काही दिवस माय तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. गयाबाईनं चहा पुढं केला तर "आत्ताच घेतला" म्हणायची. घेतलेला नसायचा. गयाबाईला ते कळायचं, आणि तिला कळतं हे मायलाही कळायचं.

मग नामांतराचा निर्णय झाला आणि शहर पुन्हा बंद. मामाला पुंडलिकनगरातून निघता येईना. आमचा डबा आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. गयाबाईची सून मात्र गल्लीबोळांतून डबा घेऊन पोचली. गयाबाईनं भाकरी आणि वांग्याचं कालवण मायपुढं ठेवलं आणि म्हणाली, "बाई, खायचं तर खा. पोरीला ऑपरेशनला ताकद लागंल, तिला तरी खाऊ दे." मी तुटून पडले. माय भाकरी हातात धरून बसून राहिली. मग मोडली आणि खाल्ली. संध्याकाळी गयाबाईच्या पायाची पट्टी सुटली तर मायनंच ती बांधली, सिस्टरला हाक न मारता.

त्या दिवशी गयाबाई फार खुशीत होती. सुनेनं गुपचूप आणलेला पेढा तिनं मला अर्धा दिला. "नाव लागलं बघ! माझं पोरगं चड्डीत व्हतं तवा सुरू झालं हे भांडण. आता त्याच्या पोराला दात आलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन तू? राउंडला डाक्टरीण काय म्हनली ते म्या बी आईकलं. बापाला सांगितलंस का उन्हात बसनार नाय म्हनून?"

"आबा आले की सांगीन."

"सांगशील तवा खरं. तुझं तोंड माझ्याशी लई चालतं."

आबा

बंद उठल्यावर आबा आले. गावाकडून चालत, मग एस्टीनं. फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी. खाटेशी बसले, माझ्या कानाला हात लावायला गेले आणि मागं घेतला. खिडकीची चादर बघून म्हणाले, "अंधार कशाला केलाय? ऊन येऊ द्या की जरा."

मी उठून बसले. आबांना उलटं बोलायची सवय नव्हती मला.

"आबा, मी आता उन्हात बसणार नाय. कधीच नाय."

"बरी झालीस की बघू."

"बरी झाल्यावर बी नाय. हे उन्हानंच झालंय. माझा रंग असाच हाय, असाच ऱ्हाणार. तुमी व्हय म्हणा, मंग मी घरी येते. नाय तर मामाकडं ऱ्हाते, कारखान्यात पॅकिंगला लागते. तिथं डोक्यावर पत्रा तरी असंल."

आबांचा चेहरा पडला. "ऊन लागून कुणी मेलंय व्हय? मेंढरं जलमभर उन्हात चरत्यात."

मायनं डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगायला सुरुवात केली. आबांनी थोडं ऐकलं. मग उभे राहिले. "म्हंजी हे म्या केलं?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. एक शब्द, आणि म्हातारा शांत झाला असता. पण नाही म्हटलं असतं तर मी पुन्हा बाजेवर गेले असते. मी गप्प राहिले. आबांनी फडकं उचललं, खांद्यावर टाकलं आणि वॉर्डातून निघून गेले. भाकरी तिथंच राहिली.

मी गयाबाईवर उखडले. "तुमच्यामुळं झालं हे. माझा बाप गेला."

"मंग?" गयाबाई म्हणाली. "नाव काय एका दिसात लागलं व्हतं का?" आणि कूस बदलून घोरायला लागली. रागाच्या भरात मी आबांची भाकरी एकटीनं संपवली.

ऑपरेशन

त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी नेलं, दुपारी शुद्धीवर आले. डोक्याला हे मोठं मुंडासं. पहिलं काय वाटलं? तहान. दुसरं, आबा आलेत का. आले नव्हते.

पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा सिस्टरनं आरसा द्यायला कुरकुर केली. मी मागून घेतला. कान वरून सपाट कापलेला, टाक्यांची काळी रांग. वाईट दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण बाकीचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. कितीतरी आठवडे ऊन न लागलेला माझा चेहरा. फोड नाही, साल नाही, लालपणा नाही. गुळगुळीत. पांढऱ्या पापण्यासुद्धा बऱ्या दिसत होत्या. मी बावीस वर्षांची होते आणि माझा खरा रंग मी पहिल्यांदा बघत होते. मला तो आवडला. आवडला म्हणजे आवडला, त्याला मी काय करू!

"किती येळ बघशील?" गयाबाई ओरडली. "आरसा झिजंल त्यो!"

कापलेला तुकडा तपासला, त्याच्या कडा साफ आल्या, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं. मायनं दवाखान्यातल्या दत्ताच्या तसबिरीपुढं नारळ फोडला आणि प्रसाद पहिला गयाबाईला दिला. आबांचा काही पत्ता नव्हता. भाऊ एकदा येऊन गेला. तो म्हणाला, आबा कुणाशी बोलत नाहीत, मेंढरांतच असतात. माय मला काही म्हणाली नाही, पण दुपारी तोंड भिंतीकडं करून पडायची. मी मामाला सांगून ठेवलं की माझ्या नोकरीचं बघ. मी घाबरले होते, पण मागं फिरणार नव्हते.

खोळ

डिस्चार्ज मिळाला तेव्हा होळी जवळ आली होती. भर दुपार, आकाशात ढगाचा तुकडा नाही, डांबर तापलेलं. मामा ड्युटीवर. माय आणि मी पिशव्या घेऊन दाराशी आलो आणि पायरीवर थांबलो. समोर फाटकापर्यंत नुसतं पांढरं ऊन. ते ओलांडल्याशिवाय रिक्षा नाही.

कडुलिंबाखाली आबा बसलेले होते. खांद्यावर काळी घोंगडी.

माय म्हणाली, "अगं बया, ह्या उन्हात घोंगडं?"

आबा आले, घोंगडी झटकली, तिचं एक टोक आत दुमडून खोळ केली. पावसात मेंढरांमागं जाताना घेतात तशी. आणि माझ्या डोक्यावरून घातली, पाठीवरून पार घोट्यापर्यंत. मग जरा वाकून विचारलं, "कानाला टोचतंय का?"

"नाय टोचत."

टोचत होतं. मेंढीची लोकर ती, टोचणारच.

स्टँडवर लोक वळून वळून बघत होते. भर उन्हात पावसाची खोळ घेतलेलं माणूस त्यांनी कधी बघितलं असणार? आत मी घामानं भिजले होते, पण ऊन म्हणून एक ठिपका अंगावर येत नव्हता. एस्टीत आबा माझ्या आणि खिडकीच्या मधे बसले. मग समोर बघतच म्हणाले, "अंगणातली बाज आत घेतलीया म्या."

"बरं," मी म्हणाले.

"घरातली तेलाची दुसरी बाटली बी फेकली."

मग ते माझ्याकडं वळले आणि कानावरच्या पट्टीवर हळूच फुंकर घातली, बाजेवर घालायचे तशी. माय पदर तोंडात कोंबून रडत होती. मीही रडले. खोळीचा हा एक फायदा, कुणाला दिसत नाही.

फाट्यावर उतरून गावात चालत गेलो. पारावर नेहमीची मंडळी बसलेली. त्यांना आयतीच करमणूक झाली.

"काय रं, पाऊस कुठं पडला? पोरीला खोळ घालून आणलीस!"

सगळे हसले. दुसऱ्यानं विचारलं, "भुरीचा रोग गेला का पर?"

आबा थांबले. मला वाटलं, आता मान खाली घालून पुढं जातील. आजवर तसंच जायचे.

"रोग कानाला व्हता," आबा म्हणाले. "त्यो कापून टाकला. बाकी पोर गोरी हाय आन गोरीच ऱ्हानार. उन्हात काढायची नसती तिला, माझी चूक झाली." आबा दोन पावलं पुढं गेले आणि परत वळले. "आन भुरी म्हनू नगा. तिचं नाव कौसा हाय."

मग त्यांनी माझी खोळ कपाळावर अजून थोडी पुढं ओढली, आणि आम्ही घरी गेलो.